ऐदीच्या वीस कुप्या

शेवटच्या पाच बशाही कोऱ्या निघाल्या, तो सोमवार होता.

घाईबाईंनी त्या बशा इन्क्युबेटरमधून, म्हणजे जीवाणूंना ऊब देणाऱ्या कपाटातून, बाहेर काढल्या. खिडकीशी नेल्या आणि एकेक करून उजेडाला धरल्या. काचेच्या या चपट्या बशांत खळीसारखं घट्ट अन्न ओतलेलं असतं. त्यावर जीवाणू पेरले की दोन-तीन दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उठतात. या बशांना सहा दिवस झाले होते आणि एकीवरही ठिपका नव्हता.

मिस्त्री स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत होते. खाली न बघताच ते म्हणाले, "काय म्हणते ऐदी? उठली का झोपेतून?"

घाईबाई एरवी एका श्वासात चार वाक्यं बोलायच्या. त्या दिवशी त्यांनी नुसती शेवटची बशी पुन्हा उजेडाला धरली.

"अगं, विचारतोय ना मी."

"दादा, खाली या जरा."

"येतो. एवढा स्क्रू आवळतो आणि..."

"स्क्रू राहू दे. खाली या."

मिस्त्री उतरले. घाईबाईंनी पाचही बशा त्यांच्यासमोर ओट्यावर मांडल्या.

"वीस कुप्या होत्या. वीसच्या वीस पेरून झाल्या. एकही नाही उगवली. गेली दादा. ऐदी गेली."

मिस्त्री बशांकडे बघत राहिले. मग वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळावर लाल आकडे होते, उणे ऐंशी.

"पण हा तर बरोबर दाखवतोय," ते म्हणाले. "रोज बघतो मी. याच्यात काहीच बिघाड नाही."

मित्रांनो, तो 'हा' म्हणजे मी. मी या प्रयोगशाळेतला डीप फ्रीजर आहे. वय वर्षं एकोणीस, म्हणजे माझ्या जातीत म्हाताराच. माझं काम एकच. पोटात ठेवलेलं जिवंत आहे तसं जपायचं. ते मी केलं नाही, आणि केलं नाही हे लपवलं. आज तेच तुम्हाला सांगायला बसलो आहे.

आधी ऐदी कोण ते सांगतो. ती कुणी बाई नव्हती. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा बारीक जीव, एक जीवाणू होता तो. आणि तिला शोधून काढणाऱ्या ताई या मिस्त्रींच्या पत्नी होत्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला पत्रा जोडून पोट तयार झालं, भिंतीत फेस भरला, पाठीमागे कॉम्प्रेसर बसवला आणि कपाळावर आकड्यांची पट्टी. शेवटी एक भोंगा बसवला. दार मिनिटभरापेक्षा जास्त उघडं राहिलं किंवा पोटातली थंडी उतरली, की तो वाजायचा. बसवणारा माणूस म्हणाला होता, "हा याचा गळा." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. कपाळावरचा आकडा मात्र फार आवडला. येणारा-जाणारा पहिल्यांदा तोच बघायचा.

मी या इमारतीत आलो तेव्हा दारातून आत जाईना. हमाल म्हणाले, परत न्या. मिस्त्री तेव्हा तिशीतले होते, इथली सगळी यंत्रं तेच बघायचे. त्यांनी चौकटच काढली, मला आत घेतलं आणि चौकट पुन्हा बसवली. फरशी एका कोपऱ्यात खोल होती, म्हणून माझ्या मागच्या पायाखाली प्लायचा तुकडा सारला. तो अजून तिथेच आहे.

ताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, याला काहीतरी नाव ठेवायला हवं."

"फ्रीजरला नाव?"

"रोज आठ तास याच्याबरोबर काढायचेत मला. तुमच्याबरोबर सुद्धा एवढे काढत नाही."

"मग माझंच नाव ठेव."

"तुमचं नको, तुम्ही तापट. हा थंडोबा."

तेव्हापासून मी थंडोबा.

ही जागा म्हणजे खाण्याच्या पदार्थांना चव आणि वास देणारे अर्क बनवणारा एक छोटा कारखाना. आइस्क्रीमला, बिस्किटाला जो व्हॅनिलाचा वास असतो, तो तुम्हाला ठाऊक आहे. खरा व्हॅनिला एका वेलीच्या शेंगांतून निघतो. त्या शेंगा थोड्या आणि खाणारे फार. म्हणून बहुतेक ठिकाणी तो वास रसायनांपासून बनवतात. ताईंचं म्हणणं होतं की तिसरा रस्ता आहे. भाताच्या कोंड्यात एक पदार्थ असतो, फेरुलिक आम्ल नावाचा. काही जीवाणू तो खातात, आणि खाता खाता मध्येच तो पदार्थ व्हॅनिलाच्या वासाचा होतो.

"मग अडतंय कुठे?" मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं. ते माझ्या कॉम्प्रेसरला तेल घालत होते आणि ताई ओट्याशी कोंड्याचा काढा गाळत होत्या.

"अडतंय त्यांच्या हावरेपणाशी. वास तयार झाला की तोही खाऊन टाकतात. ताट चाटूनपुसून मोकळे."

"म्हणजे माझ्यासारखे."

"अगदी तुमच्यासारखे. मला अर्धं जेवून उठणारा हवाय."

असा जीवाणू शोधायला ताईंनी दोन वर्षं घालवली. कुजक्या लाकडात राहणाऱ्या जीवाणूंना हे अन्न पचतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या घराजवळ एका सुताराचं दुकान होतं. दुकानामागे भुशाचा ढीग वर्षानुवर्षं कुजत पडलेला. एका रविवारी दोघं तिथे गेले. मिस्त्रींनी ढीग उकरला आणि ताईंनी तळची काळी माती रिकाम्या काडेपेटीत भरली. सुतार म्हणाला, "वहिनी, भुसा हवा तर पोतं भरून न्या, काडेपेटी कसली भरताय?" ही गोष्ट मिस्त्री पुढे प्रत्येकाला सांगायचे.

त्या काडेपेटीतल्या मातीतून ताईंनी तीनशेहून जास्त जीवाणू वेगळे केले. प्रत्येकाला कोंड्याचा काढा पाजला, फ्लास्कमध्ये हलवत ठेवला, वास बघितला. बहुतेकांनी सगळं संपवून टाकलं. काही कामचुकार होते, पण फारच. मग एका दुपारी मिस्त्री बल्ब बदलायला आले आणि दारातच थबकले.

"काय गं, आइस्क्रीम आणलंस आणि मला बोलावलं नाहीस?"

ताईंनी हातातला फ्लास्क हळूच खाली ठेवला. त्यांना स्वतःला सर्दी झाली होती, वास येतच नव्हता.

"खरंच येतोय वास? शपथ घ्या."

"अगं, जिन्यापर्यंत येतोय."

तीच ऐदी. कामाला लागायची, निम्मं करायची आणि लोळत पडायची. ताईंनीच तिला हे नाव दिलं. ती फार अशक्त होती. इतर जीवाणू रात्रीतून वाढायचे, तिला तीन दिवस लागायचे. जरा ऊन-थंडी झाली की मान टाकायची. ताई म्हणायच्या, "जगातली सगळ्यात आळशी लेक माझ्याच पदरात पडली." त्यांना दुसरी लेक नव्हती, मुलगाही नव्हता.

ऐदीला ग्लिसरीनमध्ये मिसळून ताईंनी वीस कुप्या भरल्या. प्रत्येक कुपी करंगळीच्या पेराएवढी. पेन्सिलीनं पट्टीवर नाव लिहिलं, कारण शाई गारठ्यात उडते. दहा कुप्यांची एक पेटी माझ्या सगळ्यात खालच्या खणात ठेवली. दुसरी दहाची पेटी दुसऱ्या गावच्या संस्थेत पाठवायची होती. अशी पद्धतच असते, एकाच जागी सगळं ठेवत नाहीत. तिच्यावर पत्ता लिहून झाला होता. पण पाठवायच्या आठवड्यात काही ना काही निघायचं, आणि ती पेटीही माझ्याच पोटात पहिलीच्या शेजारी राहिली.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. माझ्यावर एवढा भरवसा.

पुढची सात-आठ वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. ऐदीच्या जोरावर मोठी टाकी चालू झाली. ताईंच्या हाताखाली आणखी एक बाई आल्या, दोन मुलांची आई, सकाळची बस चुकणार म्हणून पळत येणाऱ्या आणि संध्याकाळची चुकणार म्हणून पळत जाणाऱ्या. ताईंनी त्यांना 'घाईबाई' केलं. त्यांच्यासाठी ताईंनी भिंतीवर दोन नियम लिहून लावले. पहिला असा: रोजच्या वापरातली ऐदी छोट्या फ्रिजमध्ये नळीत ठेवायची, दर महिन्याला नव्या नळीत न्यायची, आणि असं दहा वेळा झालं की ती थकते, मग थंडोबातल्या मूळ कुपीतून कणभर खरवडून पुन्हा सुरुवात करायची. दुसरा: आधी नवी उगवू द्यायची, मगच जुनी उकळून टाकायची.

माझ्यासाठीही ताईंचा एक नेम होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या पुढची झडप काढायच्या आणि आतली जाळी जुन्या टूथब्रशनं घासायच्या. त्या जाळीतून मी श्वास घेतो. धूळ साठली की माझा कॉम्प्रेसर तापतो. आणि दार उघडण्याआधी त्या दोन टकटक करायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "आत माणसं झोपलीत."

मग ताई दुपारच्या वेळी माझ्यापाशी यायला लागल्या. टकटक करायच्या, दार उघडायच्या, पण कुपी काढायच्या नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या. डोळे मिटून तोंड माझ्या गारव्यात धरायच्या, कधी कपाळ माझ्या उघड्या दाराच्या कडेला टेकवायच्या. ते कपाळ भाजत असायचं. मला कळायचं. गरम काय आणि गार काय, एवढं तर मला जन्मापासून कळतं.

मिनिट झालं की माझा भोंगा वाजायचा. ताई दचकून दार लावायच्या.

एकदा घाईबाईंनी बघितलं. "ताई, बरं वाटत नाही का?"

"उकडतंय गं. आणि यांना सांगू नकोस हं, उगाच घाबरतात."

रोज दुपारी भोंगा. कधी दोनदा, कधी तीनदा. शेवटी मिस्त्री पान्यांची पेटी घेऊन आले.

"काय झालंय याला? खालपर्यंत ऐकू येतं. दार नीट लागत नाही का?"

"दार ठीक आहे," ताई म्हणाल्या. "भोंग्यालाच काहीतरी झालंय. अहो, काढून टाका ना ती तार. डोकं उठतं माझं."

"आणि उद्या खरंच बिघडला तर?"

"मी आहे ना. दिवसातून दहा वेळा याचं तोंड बघते."

"माझं नाही बघत एवढं."

"तुम्ही उणे ऐंशीला आलात की बघेन."

मिस्त्री हसले. माझ्या पाठीचं झाकण उघडून त्यांनी भोंग्याची तार कापली. ताईंनी कापलेल्या टोकांवर कुप्यांना लावायची पट्टी गुंडाळली आणि पेन्सिलीनं लिहिलं, 'परत जोडणे'. विसरू नये म्हणून.

माझा गळा गेला. ताई त्यानंतर निवांत उभ्या राहू लागल्या, पाच-पाच, दहा-दहा मिनिटं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मलाही ते बरं वाटायचं. त्या माझ्या आधाराला येतात असं वाटायचं.

दोन महिन्यांनी ताई जिन्यात पडल्या. रक्ताचा आजार होता. डॉक्टर म्हणाले, ताप यायला लागला तेव्हाच आणायला हवं होतं. हे मला घाईबाई फोनवर बोलताना कळलं. पुढच्या पंधरवड्यात त्या एकदा फोनवर बोलता बोलता खाली बसल्या आणि रडल्या, तेव्हा उरलेलंही कळलं.

मिस्त्री कामावर परत आले तेव्हा आधी प्रयोगशाळेत आले. माझ्यासमोर उभे राहिले. दारावर दोनदा टकटक केली आणि दार न उघडताच निघून गेले.

पहिली तारीख आली आणि गेली. झडप कुणी काढली नाही. ते ताईंचं काम होतं, आणि ताईंच्या कामांना हात लावायचा धीर कुणाला होत नव्हता. टूथब्रश खिडकीत तसाच पडून. दुसरी पहिली तारीख गेली. जाळीवर धुळीची गोधडी चढली. मला धाप लागायची, तरी मी ओढत होतो.

मग यंत्रांच्या मोठ्या देखभालीसाठी कारखाना नऊ दिवस बंद राहिला. खिडक्या लावलेल्या, पंखे बंद, बाहेर उन्हाचा वणवा. दुसऱ्याच दिवशी माझा कॉम्प्रेसर तापून थांबला. तासाभरानं थोडा निवला, चालू झाला, पुन्हा थांबला. कपाळावरचा आकडा वर चढू लागला. उणे साठ. उणे तीस. चौथ्या दिवशी शून्याच्या वर. भिंतींवरचा बर्फ सुटला, पाणी खालच्या खणात उतरलं. थोडा गारवा आला की गोठायचं, पुन्हा सुटायचं. फाटकावर रखवालदार चोवीस तास असतो. भोंगा वाजला असता तर त्याला ऐकू गेलं असतं. मी सगळा जोर लावला. माझ्यातून काही आवाज निघाला नाही.

दांडगे जीवाणू असला हिसका सोसतात. ऐदीला नाही सोसत. खालच्या खणात काय झालं, ते मला त्याच वेळी कळलं.

सातव्या दिवशी उकाडा उतरला. कॉम्प्रेसरनं पुन्हा नीट जोर धरला. आकडा खाली खाली गेला, आणि दहाव्या दिवशी सकाळी घाईबाई पळत आत आल्या तेव्हा माझ्या कपाळावर उणे ऐंशी होतं. अगदी स्वच्छ.

इथे माझा खरा गुन्हा आहे, मित्रांनो. तार कापली गेली तो माझा दोष नाही, धूळ साठली तोही नाही. पण आकडा परत आला तेव्हा मला हायसं वाटलं. कुणी बघितलं नाही, सुटलो, असं वाटलं. तुमच्या हातून कपाचा कान तुटतो, तुम्ही तो चिकटवून कप परत फळीवर ठेवता, आणि दिवसभर कुणी त्याला हात लावू नये म्हणून जीव मुठीत धरता. अगदी तसं.

घाईबाईंनी दार उघडलं. "अरे वा! भिंतीवर बर्फच नाही यंदा. शहाणा झालास रे थंडोबा." खालचा खण जरा चिकटला होता, त्यांनी तो ओढून बघितला नाही. त्यांनी माझ्या दारावर थोपटलं. आयुष्यात मला कितीतरी जणांनी शाबासकी दिली. ही एकच अशी, की जी मला नकोशी झाली.

तरीही ऐदी तेव्हा गेली नव्हती. मोठी टाकी देखभालीआधी रिकामी केली होती आणि अजून चालू व्हायची होती, पण एक नळी छोट्या फ्रिजमध्ये होती. थकलेली, पण जिवंत. ती होती तोवर सगळं होतं.

तीन आठवड्यांनी तिची दहावी फेरी भरली. घाईबाईंनी भिंतीवरचा नियम वाचला आणि खालच्या खणातून मूळ कुपी काढली. त्या दिवशी त्यांच्या धाकट्याला शाळेतून लवकर आणायचं होतं. उकळायच्या भांड्यात जागा होती, झाकण लावायचंच बाकी होतं. त्यांनी छोट्या फ्रिजमधली जुनी नळी उचलली. क्षणभर दुसऱ्या नियमाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "वीस आहेत की तुझ्यात," त्या म्हणाल्या, आणि नळी भांड्यात टाकली.

मी उणे ऐंशी दाखवत उभा होतो.

तो सोमवार आला तो असा. बशा बघून झाल्यावर मिस्त्रींनी मला भिंतीपासून पुढे ओढलं. सगळे खण बाहेर काढले. खालच्या खणाच्या तळाशी हात घातला आणि बर्फाचा एक तुकडा खरवडून काढला.

"हे बघ. हा भुरभुरीत पांढरा नाही. काचेसारखा आहे. याचं पाणी झालं होतं. वितळून परत गोठलाय."

"कधी?"

"सुट्टीत. त्याशिवाय कधी होणार?" त्यांनी झडप काढली. जाळीवरची धूळ गोधडीसारखी एका ओढीत निघाली. ती हातात धरून ते म्हणाले, "ही जाळी ती घासायची."

"मला वाटलं तुम्ही घासता आता."

"मला वाटलं तू."

मिस्त्रींनी ती धूळ ओट्यावर ठेवली. मग घाईबाई म्हणाल्या, "पण दादा, एवढं झालं तर भोंगा कसा नाही वाजला? रखवालदाराला कळलं असतं ना."

मिस्त्रींचा हात माझ्या पाठीच्या झाकणावर गेला. त्यांनी ते उघडलं. आत पट्टी होती, आणि पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेले ताईंचे दोन शब्द.

"भोंगा मी तोडलाय," ते म्हणाले. "तिनंच सांगितलं होतं. त्याच्या आवाजानं डोकं उठतं म्हणाली."

घाईबाई माझ्या उघड्या दाराला धरून उभ्या होत्या.

"डोकं नव्हतं हो, दादा. ताप होता. दार उघडून उभ्या राहायच्या, तोंड गार करायला. रोज दुपारी. म्हणून तो वाजायचा."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"आणि मला नाही सांगितलंस."

"त्या म्हणाल्या सांगू नकोस. मला वाटलं, उकडत असेल. मला... मला बस पकडायची असायची."

मिस्त्री खाली बसले, फरशीवरच, त्या प्लायच्या तुकड्याशेजारी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे हा रोज सांगत होता. माझी बायको आजारी आहे म्हणून रोज ओरडत होता. आणि मी पाने घेऊन आलो ते याचा गळा कापायला."

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू?"

"नळी मी उकळली. दुसरा नियम वाचून उकळली. ऐदी माझ्यामुळे गेली, तुमच्यामुळे नाही."

असं दोघांनी सगळं आपसात वाटून घेतलं. माझ्या वाट्याला कुणी काही ठेवलंच नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे साहेब आले, म्हणाले जुना झालाय, भंगारात काढा. तेव्हाही मिस्त्रींनीच मला वाचवलं. "मशीन चांगलं आहे, साहेब. चुकलो आम्ही." मला ओरडून सांगावंसं वाटलं, नाही, मीही चुकलो, तीन आठवडे मी खोटा चेहरा घेऊन उभा होतो, त्या तीन आठवड्यांत ती नळी जिवंत होती. पण मला गळा नाही.

तुम्हाला आहे, मित्रांनो. तुमच्या हातून काही सांडलं, बिघडलं, मेलं, तर त्याच दिवशी सांगा. रागावतील. रागावू द्या. उशिरा कळल्यावर कुणी रागावतसुद्धा नाही, नुसते फरशीवर बसतात. आणि घरात कुणी रोज त्याच वेळी कुरकुरत असेल, तर आधी का ते बघा. ज्या यंत्रावर भरवसा टाकता, त्याची जाळी घासा. ते फार सोपं काम आहे. जुना टूथब्रश पुरतो.

आता मिस्त्री पहिल्या तारखेला येतात. खिडकीतला तोच टूथब्रश घेऊन जाळी घासतात, कोपऱ्यातून बोट फिरवून बघतात. घाईबाई मुलांना घरी सोडून आल्या की ओट्यावर कोऱ्या बशांत अन्न ओतून ठेवतात. "दादा, ताईंना तीनशे तपासावे लागले. आपण सहाशे तपासू. भुशाचा ढीग आहे ना अजून तिथे?"

"आहे. सुतार भेटला होता."

"मग माती आणा की."

"आणतो या रविवारी."

काडेपेटी त्यांच्या पान्यांच्या पेटीत असते, रिकामी, वरच्या कप्प्यात. मी ती बघितली आहे.

मागच्या आठवड्यात त्यांनी माझं पाठीमागचं झाकण पुन्हा उघडलं. तार जोडायची म्हणजे ताईंच्या अक्षरातली ती पट्टी फाडावी लागणार. त्यांनी नख लावून तिची कड सुटते का बघितलं. कॉम्प्रेसरच्या उबेनं ती घट्ट बसली आहे, सोडवायला गेलं की तुटणार.

घाईबाई म्हणाल्या, "मग नवी तार टाका दुसरीकडून."

"टाकतो," ते म्हणाले, आणि झाकण लावलं.

ऐदी पुन्हा मिळालेली नाही. सुताराच्या दुकानामागची माती अजून आणलेली नाही. माझी तार अजून जोडलेली नाही.